विष्णुदास भावे: सगळ्या महाराष्ट्राने उचललेला सांगलीचा खेळ

समजा, विश्रामबागेत कॉलेजच्या हॉस्टेलवर शनिवारी रात्री पाच पोरं एका टेबलाभोवती बसली आहेत. टेबलावर फासे, कागद, पेन्सिली आणि वेफर्सचं फोडलेलं पाकीट. एक जण गोष्ट सांगतोय आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं झालेत. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. समोर गुहा आहे आणि आतून आवाज येतोय, एवढं सांगून गोष्ट सांगणारा थांबतो. पुढे काय करायचं, काय बोलायचं हे कुणी लिहून दिलेलं नसतं. ज्याला जे सुचेल ते तो बोलतो.

याला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात. यातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. आज जगभर त्याचे चाहते आहेत आणि चाहते म्हटल्यावर ते नुसते खेळून गप्प बसत नाहीत. स्वतःचे राक्षस तयार करतात, नकाशे काढतात, नियमांचं आपल्या भाषेत भाषांतर करतात आणि सगळं इंटरनेटवर टाकतात.

इथे प्रश्न येतो. खेळ दुसऱ्याचा, मग त्यातलं काय उचलायचं आणि काय नाही? नियम घेतले तर चोरी होते का? आणि मूळ माणसाचं नाव लिहिलं की झालं का?

गंमत म्हणजे याच विश्रामबागेपासून काही किलोमीटरवर, सांगलीच्या राजवाड्यात, १८४३ मध्ये एका माणसाने जवळपास असाच खेळ उभा केला होता. टेबलाऐवजी रंगमंच होता, एवढाच फरक. तो खेळ पुढे सगळ्या महाराष्ट्राने उचलला. त्या माणसाचं नाव विष्णू अमृत भावे. आपण त्यांना आद्य नाटककार विष्णुदास भावे म्हणून ओळखतो. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला एक-दोन ओळी येतात आणि त्या ओळींत त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अडचणीचा भाग नसतो.

बाहुल्या करणारा मुलगा

भाव्यांचा जन्म १८१९ चा. वडील अमृतराव सांगली संस्थानच्या नोकरीत होते. संस्थानचे अधिपती होते चिंतामणराव उर्फ अप्पासाहेब पटवर्धन. घरची अपेक्षा साधी होती, पोराने शिकावं आणि दरबारात चिकटावं. विष्णूचं लक्ष मात्र हाताच्या कामात. मूर्ती करायच्या, लाकूड कोरायचं, बाहुल्या घडवायच्या. सोबत कविता करायचा नाद. आजच्या भाषेत सांगायचं तर घरच्यांना टेन्शन देणारा मुलगा.

१८४२ मध्ये कर्नाटकातली भागवत मंडळी खेळ करत सांगलीत आली. ही मंडळी उत्तर कन्नड भागातल्या कर्कीची होती असं अभ्यासक मानतात. त्यांचा खेळ यक्षगानाच्या वळणाचा होता. भागवत गाणार, पात्रं नाचणार, मुखवटे आणि झगमगीत पोशाख, देव-राक्षसांच्या लढाया. चिंतामणरावांनी तो पाहिला. कल्पना आवडली, पण आपल्याकडे हे मराठीत आणि जरा नेटकं व्हावं असं त्यांना वाटलं. काम दिलं भाव्यांना. वय तेवीसच्या आसपास.

म्हणजे मराठी नाटकाची सुरुवात, अगदी स्पष्ट बोलायचं तर, दुसऱ्याचा खेळ पाहून झाली. तंजावरच्या मराठी राजांनी त्याआधी दीडशे वर्षं मराठीत नाटकं लिहिली होती, पण त्यांची ओळख महाराष्ट्राला बरीच नंतर झाली. सांगलीत भाव्यांच्या समोर होता तो हा कानडी खेळ.

५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीता स्वयंवर’चा पहिला प्रयोग राजवाड्यात झाला. हा दिवस आपण आजही मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो.

लिहिलेले संवादच नव्हते

त्या प्रयोगात नेमकं काय व्हायचं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी भानगड तिथून सुरू होते.

सूत्रधार आणि त्याचे साथीदार एका बाजूला उभे. आधी मंगलाचरण. मग वनचर आणि विदूषक यांची थोडी थट्टा. मग गणपती येणार, मोरावर बसलेली सरस्वती नाचत येणार, आशीर्वाद देणार. त्यानंतर मूळ आख्यान. सूत्रधार पद म्हणून प्रसंग सांगायचा. जनकाच्या दरबारात धनुष्य ठेवलंय, राजे जमलेत, रावण आलाय. पद संपलं की त्या प्रसंगातली पात्रं पुढे यायची आणि आपल्या मनाने बोलायची. रावण करणाऱ्या नटाला गोष्ट माहीत असायची, रावणाचा स्वभाव माहीत असायचा. शब्द त्याचे त्याने जुळवायचे.

राक्षस यायचे ते आरडाओरडा करत, तलवारी फिरवत. त्या आरोळ्यांवरून पुढे लोकांनी या नाटकांना अललडुर्र नाटकं असं नावही पाडलं. नाव चेष्टेचं आहे, पण लहान पोरं त्याच आरोळ्यांसाठी येत असणार.

आता हॉस्टेलवरच्या टेबलाकडे परत बघा. गोष्ट सांगणारा एक, ठरलेला सांगाडा एक, आणि पात्रांचं बोलणं ज्याचं त्याचं. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये गोष्ट सांगणाऱ्याला डन्जन मास्टर म्हणतात. भाव्यांच्या खेळात तो सूत्रधार होता. या दोन गोष्टींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण दोन्हींत अडचण सारखीच येते. जो खेळ अर्धा लिहिलेला आणि अर्धा खेळणाऱ्यांच्या तोंडचा असतो, त्याचा मालक कोण?

भाव्यांच्या बाबतीत हिशेब करून बघू. रामायणाची गोष्ट सगळ्यांची. खेळाची पद्धत भागवत मंडळींकडून घेतलेली आणि मग बदललेली. संवाद नटांचे. त्यांचं खास स्वतःचं म्हणावं असं काय उरलं? पदं, प्रसंगांची मांडणी, सोंगांची आणि यंत्रांची रचना. कमी नव्हतं ते. पण एकदा प्रयोग पाहिला की हुशार माणसाला ते घरी नेता येण्यासारखं होतं.

राजा गेला, खेळ रस्त्यावर आला

चिंतामणरावांच्या आश्रयाखाली भाव्यांनी रामायणावरची अनेक आख्यानं बसवली. राजाचा हात पाठीवर असणं फार गरजेचं होतं. खर्चाचा प्रश्न तर होताच, पण चांगल्या घरच्या माणसांनी तोंडाला रंग लावून नाचावं हे त्या काळी हलकं समजलं जायचं. जातीत नाव खराब व्हायची भीती होती. दरबारचा खेळ म्हटल्यावर लोक जरा जपून बोलायचे.

१८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि आधार तुटला. नट, पोशाख, सामान, सगळा संसार तयार आणि पोसणारा कुणी नाही. भाव्यांनी मंडळी घेऊन दौरे काढले. राजवाड्यातला खेळ आता तिकिटावर आला. १८५३ मध्ये ते मुंबईत पोहोचले. तिथे ग्रँट रोडला, जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर, इंग्रजी पद्धतीचं थिएटर होतं. सांगलीच्या मंडळींनी तिथे मराठी नाटकाचे प्रयोग केले. परक्या भाषेच्या नाटकांसाठी बांधलेल्या जागेत मराठी माणूस पैसे मोजून मराठी नाटक बघायला बसला, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

पैसा मिळतो हे दिसलं, आणि मग व्हायचं तेच झालं.

इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर, अमरचंदवाडीकर अशा नाटक मंडळ्या उभ्या राहिल्या. बहुतेकांचा साचा तोच. तोच सूत्रधार, तोच विदूषक, तोच नाचणारा गणपती, त्याच मोरावरची सरस्वती. आख्यानं तीच किंवा शेजारची. गावोगावच्या प्रेक्षकाला पहिला कोण आणि मागून आलेला कोण याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला रावण बघायचा होता.

यातले सगळे चोर होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. काहींनी स्वतःची पदं केली, स्वतःची भर घातली. भाव्यांनी कानडी खेळाचं जे केलं, तेच यांनी भाव्यांच्या खेळाचं केलं. पण या सगळ्यात भाव्यांच्या हाती काय आलं, हाही प्रश्न आहेच. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते दौऱ्यांच्या धंद्यातून बाहेर पडले. तेव्हा त्यांनी चाळिशी नुकती ओलांडली होती. नाटक मंडळ्यांची भरभराट त्यानंतर सुरू झाली.

कायदा होता का?

होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखासाठी १८४७ मध्येच कॉपीराइटचा कायदा झाला होता. लेखक जिवंत असेपर्यंत आणि मृत्यूनंतर ७ वर्षं, किंवा प्रसिद्धीपासून ४२ वर्षं, यातला जो काळ मोठा तेवढा हक्क लेखकाचा. पण तो कायदा होता पुस्तकांच्या प्रती काढण्याबद्दल. भाव्यांचा खेळ पुस्तकात नव्हता. पदं चालत होती ती मुख्यतः कानावरून कानावर आणि हाताने उतरवलेल्या वह्यांमधून. शिवाय सांगली हे संस्थान, म्हणजे कंपनीचा मुलूख नव्हेच.

१८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ आलं. या नाटकात संवाद लिहिलेले होते. तिथून नाटक ही वाचता येणारी, छापता येणारी आणि म्हणून मालकी सांगता येणारी वस्तू होऊ लागली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि संगीत नाटकाने जुन्या आख्यानांना मागे टाकलं. अललडुर्र हा शब्द आता शहाण्या लोकांच्या तोंडी हसण्यावारी यायला लागला. ज्या माणसाने दार उघडलं त्याचा खेळ आता जुनाट ठरत होता.

अशा वेळी, १८८५ मध्ये, पासष्टी ओलांडलेल्या भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ छापून आला. त्यात त्यांच्या आख्यानांची पदं एकत्र आहेत. धंद्याच्या दृष्टीने पुस्तक यायला उशीर झाला होता. नाव लागण्याच्या दृष्टीने मात्र वेळेत आलं. कुठलं पद कुणाचं, याची नोंद त्या दिवसापासून कागदावर राहिली.

प्रस्तावनेत त्यांनी आणखी एक गोष्ट केली. हे सगळं सुरू कसं झालं ते सांगताना कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ आपण पाहिला होता, हे त्यांनी लिहून ठेवलं. लपवलं असतं तर चाळीस वर्षांनी कोण विचारायला येणार होतं?

आजचा नियम काय सांगतो

हा भाग हॉस्टेलवरच्या पोरांसाठी. भारतात कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती कशी मांडली त्यावर असतो. यावरचा आपल्याकडचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल नाटकाचाच आहे. आर. जी. आनंद यांचं ‘हम हिंदुस्तानी’ नावाचं नाटक होतं. १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा आला आणि आपलंच नाटक उचललं असं म्हणत ते कोर्टात गेले. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. विषय, कल्पना, कथानक किंवा दंतकथा यांवर कुणाचा मालकी हक्क नाही, मांडणी आणि अभिव्यक्ती यांची नक्कल झाली असेल तरच हक्कभंग, असं कोर्टाने स्पष्ट केलं.

म्हणजे फासा टाकून लढाईचा निकाल लावायचा ही पद्धत कुणीही वापरू शकतं. पण खेळाच्या पुस्तकातला नियम ज्या वाक्यांत लिहिलाय ती वाक्यं, त्यातली चित्रं, नकाशे, खास तयार केलेली पात्रं कंपनीची असतात. त्या वाक्यांचं मराठी भाषांतर करून छापायचं तरी परवानगी लागते. अनेकांना वाटतं भाषांतर म्हणजे आपलं नवीन काम. कष्ट नवीन असतात, पण परवानगी मूळ मालकाचीच लागते. आणि लोगो म्हणजे ट्रेडमार्क, ते वेगळंच प्रकरण.

खुद्द डन्जन्स अँड ड्रॅगन्सलाही हा धडा मिळालेला आहे. सुरुवातीच्या पुस्तकांत टोल्किनच्या कादंबऱ्यांतले हॉबिट होते. हक्कदारांनी हरकत घेतली आणि खेळात त्यांचे हाफलिंग झाले. पुढे नव्वदच्या दशकात याच खेळाची कंपनी टीएसआर इंटरनेटवरच्या चाहत्यांच्या मागे लागली आणि भरपूर शिव्या खाल्ल्या. कंपनी विकली गेल्यावर नव्या मालकाने, विझर्ड्स ऑफ द कोस्टने, २००० मध्ये मूळ नियमांचा मोठा भाग खुल्या परवान्याखाली दिला. २०२३ च्या सुरुवातीला तो परवाना बदलायचा घाट घातला, चाहते खवळले, आणि त्याच जानेवारीत कंपनीला ते नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळे करावे लागले. त्या मोकळ्या भागाचं भाषांतर आज कुणीही करू शकतं, फक्त मूळ श्रेय द्यावं लागतं. बाकी साहित्यासाठी कंपनीचं चाहत्यांकरता धोरण आहे. फुकट ठेवा, हे अधिकृत नाही असं लिहा, लोगो वापरू नका, असा त्याचा गाभा.

आणि नाव लिहिलं की झालं का? नाही झालं. श्रेय देणं आणि परवानगी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या १९५७ च्या कायद्यातही लेखकाचा हे माझं आहे असं म्हणण्याचा हक्क वेगळा सांगितलेला आहे. लेखकाने बाकीचे हक्क विकून टाकले तरी तो त्याच्याकडेच राहतो. गावोगावच्या मंडळ्यांनी भाव्यांना पैसे दिले नसते तरी निदान पदावर नाव राहू दिलं असतं, तर त्या पदांचा मागोवा आज किती सोपा झाला असता, हा विचार मनात येतोच.

पेटीतल्या बाहुल्या

भावे १९०१ मध्ये वारले. वय ऐंशीच्या घरात. तोपर्यंत सांगलीची ओळख नाटकाचं गाव अशी झाली होती. जवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल ‘शारदा’ लिहून मोकळे झाले होते आणि सांगलीतच जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर नाव कमवत होते.

१९१४ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क राहायचा, आता ६० वर्षं राहतो. कुठल्याही हिशेबाने भाव्यांची पदं आज सगळ्यांची आहेत. कुणीही छापावीत, गावीत, त्यांच्यावर खेळ करावा. कुणी त्यांची नवी संपादित आवृत्ती काढली असेल तर तिच्या प्रस्तावनेवर आणि टिपांवर, किंवा पदं गाऊन रेकॉर्ड केली असतील तर त्या रेकॉर्डिंगवर, मात्र त्या त्या माणसाचा हक्क असू शकतो. जुनं साहित्य वापरताना हे हमखास विसरलं जातं.

लहानपणीचा लाकूड कोरायचा नाद भाव्यांना आयुष्यभर पुरला. बाहुल्यांचा खेळ करायचं त्यांच्या डोक्यात होतं आणि त्यासाठी त्यांनी हातपाय हलवणाऱ्या लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या. त्या कित्येक दशकं पेटीत पडून राहिल्या. पुढे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा लोकांसमोर आणल्या. आणताना त्या कुणाच्या आहेत हेही सांगितलं.

दरवर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत एका ज्येष्ठ रंगकर्मीला विष्णुदास भावे गौरव पदक दिलं जातं. १८४२ च्या त्या कानडी मंडळींत गाणारा भागवत कोण होता, नाचणारे कोण होते, ही नावं त्या सोहळ्यात येत नाहीत. ती मंडळी सांगलीला आली होती एवढं तरी आपल्याला कळतं, ते भाव्यांच्या प्रस्तावनेमुळे.